मोरेश्वरजी आणि वाळलेले बेहडे

मोरेश्वरजींना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका आंब्याला मिठी मारून उभे होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपालिकेत मी नवी कनिष्ठ अभियंता, ते वृक्ष विभागाचे प्रमुख. मिठी नव्हतीच ती. छातीच्या उंचीवर सुतळी फिरवून ते बुंधा मोजत होते. "टेप हाये कपाटात," ते म्हणाले, "पण सुतळी खाचेत बसते. पकडा बाई तिकडून." आज त्यांची पंचाहत्तरी साजरी होत असताना ते सुतळीचे टोक आठवते.

नियम साधाच होता. जमिनीचे प्लॉट करून लेआउट पाडण्याआधी जागेवरचे प्रत्येक झाड नकाशावर दाखवायचे; तोडायचे तर परवानगी घ्यायची आणि बदल्यात नवी झाडे लावून जगवायची. मोरेश्वरजी नकाशा घेऊन स्वतः जागेवर जात. पवनीजवळच्या धान पिकवणाऱ्या घरातले ते, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडांत वाढलेले. मालकाला म्हणत, "रस्ता दोन हात सरकवा ना भाऊ, सावली फुकट भेटते." पुष्कळ मालक ऐकतही.

त्यांच्याविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर माझी एक चूक सांगावी लागेल. एका लेआउटवर तीन बेहडे होते. फाल्गुनात त्यांची पाने पूर्ण झडतात, हे शहरात वाढलेल्या मला ठाऊक नव्हते. मी अहवालात 'तिन्ही वाळलेली' असे लिहिले. माझ्यावर विश्वास ठेवून, त्या एकदाच, मोरेश्वरजींनी न पाहता सही केली.

तोडणीच्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. एक बेहडा आडवा झाला होता. त्यांनी उभ्या झाडाची साल नखाने खरवडली. आत हिरवी होती.

"काहून वो बाई, माह्या टकल्यावर केस नाही, मलेई वाळला लिवता का?"

मजूर हसले. मालक मात्र चिडला. "साहेब, तुमच्याच बाईनं लिहून देल्लं ना! आता काहून अडवून राहिले?"

परवानगी रद्द व्हायची तर ती चुकीची होती, हे कोणीतरी लेखी द्यायला हवे होते. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी लिहून दिले नाही. त्या दिवशीच्या डायरीतही माझी चूक नोंदवली नाही. मोरेश्वरजींनी पडलेल्या खोडावर बसून लिहिले, "न पाहता सही केली. चूक माझी." निवृत्तीला वर्षही उरले नसताना त्यांच्यावर ताशेरे ओढले गेले. दोन बेहडे वाचले.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "माझे नाव का लिहिले नाहीत?"

ते सुतळी गुंडाळत म्हणाले, "तुमचं नाव लिहाले तुमच्यापाशी कागद नव्हता का?"

तेव्हा मी माझा कबुलीजबाब लिहून दिला. नोकरी कायम व्हायला वर्षभर उशीर झाला. त्या वर्षात, स्वतः निवृत्त झाल्यावरही, त्यांनी मला दर आठवड्याला सोबत नेऊन झाडे ओळखायला शिकवले आणि त्या प्रसंगाचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

त्यांनी तसे विचारले नसते तर मी लिहिले असते का? मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. मोरेश्वरजी, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. आपण गावात आहात तोवर सही करताना माझा हात थबकतो. माझ्या निवृत्तीला अजून बरीच वर्षे आहेत. निदान तोवर तरी रोज कार्यालयासमोरच्या या रस्त्याने फिरायला येत राहा.