तेविसावी सुई

फिटरमामा यंत्र दातांनी ऐकायचे. भेंडीच्या झाडाच्या टणक लाकडाची हातभर लांब काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून उकिडवं बसायचं. जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा अर्धा. त्यामुळे माझं त्यांच्याशी झालेलं प्रत्येक भांडण सगळ्या वाडीला ऐकू गेलं.

"आवाज खोटो बोलणा नाय. माणूस बोलता," असं ते म्हणायचे. एकदा देवगडचा एक ट्रॉलरवाला इंजिन घेऊन आला आणि तेल वेळच्या वेळी बदललंय म्हणून शपथा घेऊ लागला. मामांनी त्याला हाताने गप्प केलं, काठी लावली, क्षणभर ऐकलं आणि नळावर जाऊन चूळ भरली. परत येऊन म्हणाले की दोन वर्षं बदललेलं नाही. ट्रॉलरवाला खाली बघू लागला. मामांनी त्याला चहा पाजला आणि इंजिन दुरुस्त करून दिलं. खोटं पकडल्यावर माणसाला टाकून द्यायचं असतं, हे त्यांना कधी जमलं नाही. मला तेव्हा तो त्यांचा दोष वाटायचा.

मी वाढले ती पत्रकांवर. वडील रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, संघात होते. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती. मोर्च्यांची, सभांची, निषेधाची पत्रकं होती, आणि त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. वडिलांनंतर वाडीची पत्रकं मी लिहू लागले. त्यातलं सगळ्यात कडक पत्रक बंगलेवाल्याविरुद्ध होतं. मुंबईच्या त्या माणसाने किनाऱ्यालगतची जागा घेतली आणि आमची किनाऱ्यावर उतरायची वाट फाटक लावून बंद केली. रापणीची होडी आणि जाळं ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गेलं, तिथे एक रखवालदार खुर्ची टाकून बसला. वाडीच्या कमिटीने बहिष्कार जाहीर केला. त्याला कोणी दूध देऊ नये, मासे विकू नयेत, त्याचं कसलंही काम करू नये. ही वाक्यं माझी होती आणि मला त्यांचा अभिमान होता.

आठवड्याने बंगलेवाल्याची गाडी टेम्पोवर चढून मामांच्या शेडमध्ये आली. उघड्या टपाची, दोन माणसांची, साठ वर्षांपूर्वीची इंग्लिश स्पोर्ट्स कार. गडद हिरवी, बुटकी. मी तशीच तिथे गेले आणि पत्रक त्यांच्या नाकासमोर धरलं. मामांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

"गाडयेन तुजा काय केल्यान गो?"

मी ओरडून सांगितलं की प्रश्न गाडीचा नाही, तिच्या मालकाचा आहे. त्यावर ते एवढंच म्हणाले, "दुखता ता दुखता. धनी कोण, ता मागसून." आणि गाडीखाली सरपटत गेले.

मी रोज जाऊ लागले. त्यांचं मन वळवायला जाते, असं मी कमिटीला सांगत होते आणि ते खरंही होतं. पण मामांचा आणखी एक नियम होता: तोंड चालतंय तर हातही चालले पाहिजेत. मी वाटेच्या हक्कावर बोलत असायची आणि माझ्या हातात रॉकेलचा डबा, ब्रश आणि दातेरी चक्रं असायची. मामांनी गिअरबॉक्स पूर्ण खोलला होता. जुन्या शिडाचं कापड जमिनीवर पसरून त्यावर प्रत्येक तुकडा निघाला त्या क्रमाने मांडला होता. दुसरा गिअर टाकताना गाडी करवतीसारखी ओरडायची, आणि उतारावर तो गिअर आपोआप सुटायचा. मामांनी मला एक पितळी रिंग दाखवली. तिच्या आतली बारीक नक्षी झिजून बोटाला गुळगुळीत लागत होती. चक्रांचा वेग जुळवायचं काम या रिंगचं. ती झिजली की दाते दात्यांवर आपटणारच.

बंगलेवाला ही गाडी घेऊन आंबोली घाटाने कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाणार होता, बायकोला सोबत घेऊन. परतताना घाट उतरायचा, तेव्हा नुसत्या ब्रेकवर गाडी धरता येत नाही, दुसरा गिअर तिला मागे ओढून धरतो, हे मामांनी मला हाताचा उतार करून समजावलं. आणि आत काही अडकून चक्रं जागच्या जागी आवळली तर मागची चाकं एकदम जाम होतात. मग वळण असो, दरी असो. त्यांनी हात उलटा केला.

नवीन रिंगा आल्या, सुट्टे भाग आले, आणि बांधणी सुरू झाली. गिअरबॉक्सच्या तळाशी एक दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना, चक्राच्या पोकळीत, सुईएवढ्या बारीक पोलादी सळ्या ग्रीसने गोल चिकटवाव्या लागतात. एका टोकाला तेवीस, दुसऱ्याला तेवीस. ग्रीसमध्ये सगळं बरबटलेलं असल्याने डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून मोजून लावायच्या. आमच्याकडे भात मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मामा सुयाही तशाच मोजायचे. लाभ, दोन, तीन. एक टोक त्यांनी असं पुरं केलं.

दुसऱ्या टोकाला त्यांनी ग्रीसच्या डब्यातून सुई उचलली, "लाभ" म्हणाले, आणि बाहेरून हाक आली. कमिटीचे अध्यक्ष आणि चार माणसं कुंपणापाशी उभी होती. अध्यक्षांच्या हातात माझंच पत्रक होतं. मामांनी सुई पुन्हा डब्यात टाकली, मला पुढचं करायला सांगितलं आणि हात पुसत बाहेर गेले. मी सुया लावू लागले. दोन, तीन, चार. बोटं डब्यात होती आणि कान बाहेर. अध्यक्ष माझी वाक्यं मोठ्याने वाचत होते आणि मामा दर वाक्यानंतर, "काय म्हटलास?" असं विचारत होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले की यापुढे वाडीतलं कोणी तुमच्याकडे पाणी मागायलाही येणार नाही. मामा आत आले.

"तेवीस?"

"तेवीस," मी म्हटलं. माझ्या शब्दावर त्यांनी दांडा बसवला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स गाडीत चढला. संध्याकाळी मी ग्रीसचा डबा खरवडून साफ करत होते आणि बोटाला काहीतरी टोचलं. सुई होती. त्यांनी 'लाभ' म्हटलं होतं, ती. म्हटली होती, पण लावली नव्हती, आणि मी 'दोन'पासून पुढे गेले होते.

मामा दहा पावलांवर अंगणात बसले होते. मी सुई ओढणीच्या टोकाला बांधली आणि घरी गेले. का, ते लिहायलाच हवं. मला वाटलं, बंद पडू दे गाडी. भर रस्त्यात पडू दे, लोक हसू देत. मामांनी उलटा केलेला हात मला आठवत होता, आणि तरी मी स्वतःला सांगत होते की एका सुईने काय होतंय. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या माणसाला आपला प्रत्येक विचार न्याय्य वाटू लागतो. माझं तसंच झालं होतं.

सकाळी बंगलेवाला बायकोसह आला. तिने डोक्याला रुमाल बांधला होता, मांडीवर डब्याची पिशवी. मी शेडच्या दारात उभी होते. मामांनी इंजिन चालू करायला लावलं, खाली वाकून काठी टेकवली, दातांत धरली. बंगलेवाला घड्याळ बघत होता. मामा उठेनात. मग त्यांनी जागा बदलून पुन्हा ऐकलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि मामांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचं.

मामा उठले. बाहेरच्या माणसाशी बोलताना ते शाळेतली मराठी बोलत. "साहेब, गाडी आज मिळणार नाही. आत काहीतरी राहिलंय. चूक माझी आहे."

बंगलेवाला भडकला. मेळावा उद्या आहे, म्हातारा झालास तर काम का घेतलंस, गावच्या लोकांनी फूस लावली असणार, असं बरंच बोलला. मामा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना अर्धंच ऐकू गेलं असेल अशी आशा मी तेव्हाही करत होते. मी बोलले नाही.

ते दोघं गेल्यावर मी पुढे झाले आणि ओढणीची गाठ सोडून सुई मामांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बघितली, मग मला.

"तू सांगतलंस की नाय, ताच बघी होतंय," ते हळू म्हणाले. मी रडू लागले आणि म्हटलं की आत्ता बंगल्यावर जाऊन सांगते, कमिटीला सांगते. त्यांनी मनाई केली. या पोरीने गाडीत घात केला, असं तो माणूस म्हणेल आणि वाटेची लढाई त्या एका सुईत संपेल. "माका आता किती गाडये करुचे आसत? तुका अजून लिवचा आसा." मग त्यांनी गाडीखाली फळी सरकवली. दोन दिवस आम्ही सगळं पुन्हा खोललं आणि पुन्हा बांधलं. या वेळी मोजताना मी एक शब्दही दुसरा बोलले नाही.

गाडी नीट झाली आणि गेली. वाट बंदच राहिली. पण फिटरमामाचा हात आता चुकतो, ही गोष्ट मालवणपासून देवगडपर्यंत पसरली. बहिष्कार फक्त वाडीचा होता. बाहेरच्या होड्यांची इंजिनं येत होती, तीही थांबली. मामा रिकाम्या शेडमध्ये पाने-पकडी पुसत बसायचे. मी जायची, ते चहा करायचे. आठ महिने मी ते पाहिलं आणि गप्प राहिले. त्यांनीच सांगितलंय म्हणून, असं मी स्वतःला बजावत होते. ज्याचा फायदा होतो त्याने दुसऱ्याच्या आज्ञेआड लपू नये, हे मला कुठल्या पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

मग मामांनी शेड बंद करून कारवारला लेकीकडे जायचं ठरवलं. ते कळलं त्याच दिवशी मी लिहायला बसले. कमिटीला विचारलं नाही. कुडाळला जाऊन दोनशे प्रती छापून आणल्या. सुई कशी राहिली, कोणामुळे राहिली, कोणी लपवली, कोणाच्या दातांनी ती पकडली आणि कोणी दोष घेतला, सगळं लिहिलं. खाली 'समस्त ग्रामस्थ' नव्हतं. माझं पूर्ण नाव होतं.

मामा निघायच्या सकाळी मी गठ्ठा घेऊन गेले. ते ट्रंकेला दोरी बांधत होते. चष्मा लावून त्यांनी पत्रक वाचलं, पहिल्या पत्रकासारखंच शेवटपर्यंत. मला वाटलं रागावतील. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"दोनय टोकांक बावीस नाय गो. एका टोकाक तेवीस बरोबर होते, ते मी लायलेले. चुकीचा कशाक छापतंस?"

मी तिथेच पायरीवर बसून दोनशे प्रतींवर पेनाने दुरुस्ती केली. होईपर्यंत ते थांबले. एक रिक्षा त्यांनी परत पाठवली. शेवटी एक प्रत मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"माका कशाक? माका म्हायत आसा. जेंका म्हायत नाय, तेंका दी."

दुसरी रिक्षा आली. मी ट्रंक चढवली, मामा बसले, आणि रिक्षा वळणाआड गेली. मग मी गठ्ठा काखेत घेतला आणि सगळ्यात आधी बंगल्याच्या फाटकाकडे निघाले.