सालीच्या दोन पुड्या

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर लिहिलं ते प्रयोगवहीतच. तरी हे लिहायला बसलो, त्याबद्दल माफ करावं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी रानदालचिनीची साल घेतली होती. तिचा सुगंध कोणत्या पद्धतीनं चांगला निघतो, ते पाहायचं होतं. साल दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अकोल्याच्या वरच्या डोंगरातून आणून दिली. अर्धी भुकटी वाफेवर ठेवली. तेल निघालं थेंबभर, पण वास थेट ताज्या सालीचा. बाकीची हेक्झेनमध्ये भिजवली. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा भाऊबंद. त्यात अर्क भरपूर उतरला, पण काळपट, चिकट.

उरलेला चोथा वजन करून टाकून द्यायचा असतो. माझ्याच्यानं टाकवेना. दादा दिवसभर कड्याच्या अंगानं फिरून साल आणतात आणि मी ती केरात घालणार? त्यात त्यांना खोकला होता. आमच्याकडे त्यावर हीच भुकटी मधात कालवून चाटण देतात. वाफेवरच्या चोथ्यात पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं. तो मी पुडीत बांधला, संगमनेरच्या स्टँडवर गावच्या जीपवाल्याकडे दिला आणि निरोप सांगितला, आजपासून सुरू करा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनासाठी दुसरी पुडी सोडली, तर ती वाफेवरची निघाली. म्हणजे घरी गेली ती हेक्झेनची. दोन्ही चोथे मी वर्तमानपत्राच्या सारख्याच कागदांत बांधले होते, आणि सालीच्या वासानं माझं नाक तेव्हा बधिर झालेलं.

दादांचा फोन लागेना, आमच्या वाडीत रेंज नाही. जीपवाला उचलेना. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, हेक्झेन पोटात गेलं तर?"

"कुनाच्या? अत्तरवाले, तुमीच प्यालात का काय?"

"नाही. घरी पाठवलं. चुकून."

रोज माझी टिंगल करणाऱ्या मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "गाडी बघ आधी," एवढंच म्हणाले.

एसटीत खिडकीशी बसून मी सारखा फोन लावत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बाळा, बरं वाटत न्हाई का?" मी परत नंबर लावला. दादा पुडी सोडतात, मध ओततात, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

अकोलं जवळ आलं तेव्हा दादांचाच फोन आला.

"कवाधरनं लावतोय तुला. मी अकोल्यात हाय, दवाखान्यात."

"दादा, तुम्ही ते चाटण..."

"मी न्हाई. औषीद करील त्यानं आधी चाखायचं, ठाव हाय न्हवं तुला? तुझ्या आईनं चाखलं. रॉकेलवानी वास हुता म्हनं. पन कॉलेजातलं हाय, लेकानं धाडलंय, म्हनून दोन बोटं चाटली. लई उलट्या झाल्या. आता पडलीया, बोलती हाय. डॉक्टर इचारत्यात त्यात काय हुतं, आन् मला सांगता येईना. धर, तू सांग त्यास्नी."