आईच्या पायाखालचं ब्रेकचं पेडल

आमच्या पारनेरच्या घरापुढे गाडी उभी होती आणि मागच्या चाकाशी ब्रेक ऑइलचं थारोळं साचलं होतं. लोखंडी पाइप गंजून फुटला होता. ब्रेकच नाही म्हटल्यावर गाडी गॅरेजला न्यायची कशी? त्यात मेकॅनिक मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला. शेवटी मी नगरहून नवा पाइप आणला आणि मोबाईलवर बघून बघून स्वतःच बसवायला घेतला.

गंजलेले नट सोडवण्यातच अर्धा दिवस गेला, पण पाइप बसला. राहिलं होतं आतली हवा काढायचं काम, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून हवा सोडायचा छोटा स्क्रू, म्हणजे निपल, उघडायचं.

बायको म्हणाली, "ब्रेक तुम्ही बसवलेत ना? मग गाडी उभी असली तरी मी आत बसणार नाही."

मग आई बसली. ड्रायव्हरच्या जागेवर ती जन्मात पहिल्यांदाच बसत होती. तिनं पदर खोचला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आई, दाब. आता सांगेपर्यंत सोडू नको."

मी निपल सैल केलं. बुडबुडे यायला लागले, तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. आईनं पाय उचलला आणि दार उघडून त्यांच्याकडे वळली. निघालेली हवा परत आत.

"आई, पाय का काढलास?"

"दारात मानूस आल्यावर पाय रोवून बसायचं व्हय?"

काकूंनी विचारलं, "कुठं निघाला?"

"शेवगावला, लेकीकडं," आई शांतपणे म्हणाली. "ह्यो खाली पडलाय, तेवढा उठला की निघतो."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तिनं पेडल असं दाबलं की मी "सोड" म्हणालो तरी सोडेना.

"नक्की सोडू? मगाशी सोडला तर वरडलास."

अखेर पेडल टणक झालं. आता गाडी ढकलून ब्रेक बघायचा होता. आई खाली उतरायला तयार नव्हती. "हवा मी काढली. मीच बघनार."

मी चाकाखालचे दगड काढले आणि मागून जोर लावला. गाडी हलली मात्र, आईनं होती नव्हती तेवढी ताकद पायात आणली. गाडी जागच्या जागी थांबली, मी थांबलो नाही. हनुवटी डिकीवर आपटली.

आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लागला का रं?"

"लागला," मी हनुवटी चोळत म्हणालो.

"मग आता जरा जोरात ढकल."