आज लाइन मोकळी ठेवली

मंडळी, आज दिवसभर मी इंटरनेट लावलं नाही.

साताऱ्यात आमच्या गल्लीत फोन फक्त माझ्याकडे. समोरच्या सखूमावशींचा मुलगा सीमेवर आहे, तोही याच नंबरवर आईला बोलावतो. काल तासभर रांगेत थांबून त्यानं फोन लावला, तर एंगेज. आज सकाळी त्याच्या पलटणीतल्या दोस्ताच्या बायकोनं येऊन सांगितलं; तिला नवऱ्याचा फोन लागला होता. त्या वेळी याच फोन लाइनवर इंटरनेट लावून मी मेलवर तुमच्याशी क्रिकेटवरून भांडत होतो.

सकाळपासून मावशी फोनपाशी बसल्यात. चहासुद्धा घेतला नाही. "व्हय रं, त्ये कॉम्प्युटर बंद हाय न्हवं?" एवढंच विचारतात.

दुपारी घंटी वाजली. मावशी ताडकन उठल्या. फोनवर तुमच्यापैकीच एक: "आज मेल नाही?" मी रिसीव्हर आपटला.

हे नुसतं लिहून ठेवतोय. पोराचा फोन आल्याशिवाय नेट जोडणार नाही. तुम्ही वाचताय ना? म्हणजे तो आईशी बोलला.