कोरडी चाललेली मोटर

दोंडाईच्याला सुरतेच्या गाडीत मोटर चढवताना इंदूताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या शेताला लागूनच त्यांचं शेत. बोअरमधली सोलरची मोटर दोन महिन्यांत जळली होती आणि ठिबकावरची मिरची माना टाकत होती. मोटर गोधडीत गुंडाळलेली, कंट्रोलची पेटी माझ्या मांडीवर. नवापूर मागे पडल्यावर हिरवागार ऊस दिसू लागला, तशा इंदूताई खिडकीकडे पाठ करून बसल्या.

सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरलो. गावी येऊन ही मोटर बसवून दिलेल्या दुकानदाराने गोधडी सोडायचेही कष्ट घेतले नाहीत. "सूकी चाली छे, बेन. गॅरंटी न मळे." (पाण्याविना कोरडी चाललीय, गॅरंटी मिळणार नाही.)

"पाणी खाली गेलं की आपोआप बंद पडते, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" मी विचारलं.

"तुम्हीच काही छेडछाड केली असेल."

मी रागानेच पेटी उचलली आणि आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या गाडीवर लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) घेतला, पण इंदूताई मोटरबद्दलच बोलत राहिल्या. आमचं बोलणं ऐकून शेजारच्या मोटर वायंडिंगच्या दुकानातले गुलाबदादा बाहेर आले. "कथाईन उनात, माय?" (कुठून आलात?) तेही आमच्याच शिंदखेडा तालुक्यातले निघाले. पेटी उलटसुलट करून म्हणाले, "सील तसंच शे. चला, त्यान्हा म्होरेच उघडूत." (सील तसंच आहे. चला, त्याच्यासमोरच उघडू.)

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत गुलाबदादांनी सील तोडलं. बोअरमध्ये पाणी आहे की नाही, हे कळवणाऱ्या सेन्सरची वायर जिथे जोडायची, तिथे तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवून खोचला होता. पेटीला सदान्‌कदा वाटावं, पाणी आहे! सेन्सर बोअरमध्ये सोडलेलाच नव्हता, म्हणून पाणी संपल्यावरही मोटर चालत राहून जळली.

दुकानदाराने पेटी स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "तुमच्याकडे पाणी कमी. मोटर सारखी बंद पडते, लोक फोन करून भंडावतात. म्हणून सगळ्यांनाच असं करून देतो."

"सगळ्यांनाच?" इंदूताई ओरडल्या. "आमच्याकडे पाणी कमी, म्हणून तर ते आपोआप बंद करणारं यंत्र घेतलं ना!"

गिऱ्हाइकं पेटीभोवती जमली, तसा त्याचा सूर बदलला. नवी मोटर आणि सेन्सर घेऊनच आम्ही दुकानाची पायरी उतरलो.

परतल्यावर इंदूताईंनी त्याच दुकानदाराने गावात बसवलेल्या आणखी तीन पेट्या उघडायला लावल्या. तिन्हींत तोच तुकडा. आमच्या जमिनीखाली पाणी किती, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ते यंत्राला मुद्दाम कळू न देणारा माणूस मात्र आम्हालाच अडाणी ठरवत होता. या गोष्टीचा माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.