जमादारांनी चौकीचं दार लावलं

लग्न करून मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, तरी माझं हिंदी भाजी घेण्यापलीकडे गेलं नव्हतं. संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं. सरकार काही महिने ग्वाल्हेरला बसे आणि उन्हाळा आला की इंदूरला. माझे यजमान सचिवालयात कारकून, त्यामुळे दप्तरांबरोबर तेही जात. घरी मी आणि आमची चार वर्षांची मुलगी.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्यांची अफवा उठली होती. कुणाचं मूल गेलं ते नेमकं कुणालाच सांगता येत नव्हतं, पण बायका पोरांना दारात उभं राहू देत नव्हत्या. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांवर सगळ्यांचा संशय. पोलिसांवर भरवसा कसा ठेवायचा? जुने अंमलदार बदलून गेले होते आणि नवे अजून यायचे होते.

अशातच एका दुपारी मी टोपी बाजारात अस्तराचं कापड बघत होते. मुलगी दुकानाच्या पायरीवर बसली होती. गळ्यात तबक अडकवून रिबिनी विकणारा एक सिंधी माणूस तिच्याशी काहीतरी बोलला आणि त्याने तिला रिबिनीचा एक तुकडा दिला. मी तिला म्हटलं, "हलू नकोस हं." कापड उजेडात धरून पाहिलं आणि वळले, तर पायरी रिकामी.

मी हाका मारत गल्लीच्या टोकापर्यंत धावले. परत आले तर दुकानदार ओरडत होता, "उसी फीतेवाले ने बच्ची को फुसलाया!" पुढच्या वळणावर लोकांनी त्या माणसाला धरलं होतं. तबक पायाखाली गेलं होतं, त्याचा ओठ फुटला होता.

चौकी जवळच होती. तिथले जमादार मराठा, पन्नाशी उलटलेले, पूर्वी संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या पट्ट्यावरचा जुना बिल्ला काढला होता, नवा आला नव्हता. ते गर्दीत घुसले, त्या माणसाला बखोटीला धरून आत ओढलं, मलाही आत घेतलं आणि दार लावून अडसर घातला.

बाहेरून दारावर लाथा बसू लागल्या. "अब किसकी पुलिस हो? महाराज तो गए!"

जमादार खिडकीशी जाऊन म्हणाले, "इसी बाज़ार का जमादार हूँ. कल भी था."

मग माझ्याकडे वळले. "बाई, डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा. वाटतं ते नको."

"यांनी रिबीन दिली. पुढचं मला दिसलं नाही."

"मुलीला नेताना पाहिलंत?"

"नाही."

"मग हेच बाहेर सांगायचं. माझं आज कुणी ऐकणार नाही, आईचं ऐकतील."

तो माणूस कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. यानेच नेलं असेल आणि मी याला वाचवते आहे, असं मनात येत होतं. पण पाहिलेलं नव्हतं, तर ते पाहिलं असं कसं म्हणणार?

जमादारांनी दार किलकिलं केलं आणि माझ्या शेजारी उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "बोलो बहूजी, यही था ना?"

मी म्हणाले, "मैंने नहीं देखा. इसको मारके मेरी लड़की मिलेगी क्या? लड़की ढूँढो!"

एक दगड चौकटीवर आपटला. मग दोघे-तिघे इंदरगंज मोहल्ल्याच्या दिशेने निघाले, त्यांच्यामागे आणखी काही. बाकीचे तिथेच उभे राहिले. आम्ही दार पुन्हा लावलं. जमादारांनी त्या माणसाला पाणी दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर टांगा थांबला आणि मला "आई" ऐकू आलं.

बुरखा घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला कडेवर आणलं होतं. कुठल्याशा टांग्याचा घोडा बघत त्याच्या मागे चालत चालत पोरगी इंदरगंजच्या चौकापर्यंत गेली होती. "मराठी में रोती थी," बाई म्हणाल्या, "तो समझ गई किनकी होगी. पूछती-पूछती आ गई."

मी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. गर्दी पांगली. माफी कुणीच मागितली नाही.

जमादार म्हणाले, "पोर सापडल्याचं पुढच्या गल्लीत अजून कुणाला ठाऊक नाही. हा एकटा गेला तर रस्त्यात मरेल. तुम्ही दोघी बरोबर चालाल?"

मी हो म्हटलं. जमादार पुढे, मग तो, आणि त्याच्या बरोबरीने मुलीला कडेवर घेऊन मी. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे राहून बघत होते. एकजण काठी घेऊन खाली उतरला, मुलीला पाहिलं आणि थांबला. अख्खा बाजार आम्ही तसाच ओलांडला. मोठ्या रस्त्यावर पोचल्यावर मी त्याला म्हणाले, "भैया, माफ करना."

"आपने तो सच बोला," तो म्हणाला. "पर अब इधर नहीं आऊँगा." आणि तो मला परत कधी दिसला नाही.

नव्या रचनेत जमादारांची काही महिन्यांतच दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. इंदूरहून आल्यावर यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि रागावून विचारलं, "एवढ्या जमावापुढे उभी राहायला तुला भीती वाटली नाही?"

"वाटली की," मी म्हणाले. "पण विचारत मलाच होते ना."