दोरीवर पडलेला माणूस

आमचे हे टोपीसाठी गेले, असं मी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते स्वतः मात्र "देशासाठी गेलो" म्हणतात. देश नव्हे, देशांसाठी म्हणा हवं तर.

विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या आवारात आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. तिथे एका सकाळी लष्करातले एक कर्नल आले. मराठीच होते, साताऱ्याकडचे, बोलायला गोड. शेजारच्या मित्रदेशांच्या सैन्यांचा एकत्र सराव आहे म्हणाले. विषय भूकंप. एका देशावर संकट आलं की बाकीच्यांनी धावून जायचं, हाही संरक्षणाचाच भाग असतो आणि तसं ह्या देशांचं आपसात ठरलंय. त्या धावून जाण्याची रंगीत तालीम करायची होती, आणि तालमीला खोटे जखमी हवे होते. चहा, नाश्ता आणि वर एक टोपी. हे ताबडतोब उभे राहिले. आयुष्यभर बँकेत खुर्चीला चिकटून बसलेला माणूस, भाजी आणायला पाठवलं तर गुडघा दुखतो, आणि टोपी म्हटल्यावर कसा टुणकन उठला! मी मागोमाग गेले, कारण ह्यांना मधुमेह आहे आणि वेळेवर खाण्याची अक्कल नाही.

मैदान आमच्याकडून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. पडलेल्या इमारतींचे ढीग हुबेहूब रचले होते. मधून लाल कापडं बांधलेल्या दोऱ्या ताणून मैदानाचे वाटे केले होते. हा वाटा डोंगरावरच्या शेजाऱ्यांचा, तो बेटावरच्या शेजाऱ्यांचा, पलीकडचा आपला. ज्याचा वाटा, त्यातले जखमी त्याने उचलायचे. आमच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं. माझ्या कार्डावर 'कंबरेला मार, चालता येत नाही'. ते काही फार खोटं नव्हतं. ह्यांच्या कार्डावर 'बेशुद्ध, प्रतिसाद नाही'. मी म्हटलं, "अगदी योग्य माणसाला दिलंय, घरी पण असेच असतात." कर्नल हसले. हे हसले नाहीत, कारण ते भूमिकेत शिरले होते.

फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चांगलं तापलेलं. आम्हाला जिथं झोपवलं तिथं सावलीचा पत्ता नाही. थोड्या अंतरावर एक बाभूळ होती, तिच्याखाली वीतभर सावली. ह्यांनी काय करावं? बेशुद्ध माणूस पाठीवर सरकत सरकत त्या सावलीत गेला आणि तिथे पुन्हा बेशुद्ध झाला. असला उद्योग फक्त आमच्या ह्यांनाच सुचू शकतो. ती सावली नेमकी दोरीवर होती. डोकं डोंगरवाल्यांच्या हद्दीत, पाय बेटवाल्यांच्या. नाश्ता यायला उशीर झाला होता आणि ह्यांनी मधुमेहाची गोळी मात्र घरून घेऊन टाकली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

भोंगा झाला. दोन्हीकडून सैनिक स्ट्रेचर घेऊन पळत आले. काय त्यांची चपळाई! ढिगाखालची माणसं अलगद काढत होते, पाणी पाजत होते, धीर देत होते. डोंगरवाल्यांची एक तुकडी ह्यांच्यापाशी आली आणि थांबली. पलीकडून बेटवाले आले, तेही थांबले. डोंगरवाल्यांचा पुढारी हात पुढे करून अदबीनं म्हणाला, आपण घ्या. बेटवाला मान लववून म्हणाला, नाही नाही, आपणच घ्या. दोघांनी एकमेकांना सलाम ठोकले आणि दुसरे जखमी शोधायला निघून गेले. एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, पाहुण्याला दुखवायचं नाही! सभ्यपणाची कमाल झाली.

आधी मला हसू आलं. मग मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ घामानं निथळत होतं, आणि उन्हाचा घाम कसा असतो आणि साखर उतरल्याचा कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. डावा हात थरथरत होता. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. इतक्या वर्षांत माझ्या दुसऱ्या हाकेला 'काय कटकट आहे' असं उत्तर आलं नाही, असं कधी झालेलं नाही.

मी उठले. पांढरी पट्टी बांधलेला सरावाचा एक पंच धावत आला, "मॅडम, आपको चलना नहीं है, आपकी कमर टूटी है."

"खड्ड्यात गेली माझी कंबर! अहो, तो माणूस खरा बेशुद्ध आहे!"

त्यानं ह्यांचं कार्ड वाचलं आणि म्हणाला, हां जी, बेहोशच लिहिलंय. सगळ्या मैदानात खरं सांगणारी मी एकटी आणि मलाच नाटकात धरलेलं. मग मी जी बोंब ठोकली ती येरवड्यापर्यंत गेली असेल. कार्ड तोडून फेकलं, स्वतःचंही आणि ह्यांचंही. तेव्हा कुठे दोन्हीकडून माणसं धावली. ग्लुकोज डोंगरवाल्यांच्या पेटीत होतं, सुई टोचायला हात बसलेला होता बेटवाल्यांच्या डॉक्टर मुलीचा. दोघांनी मिळून सलाईन लावलं. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सगळ्या देवांना, नवस न बोलता, नुसत्या धमक्या देत होते.

हळूहळू डोळे उघडले, तशी दोन्हीकडचे कसे सलाम ठोकून निघून गेले ते मी रागारागानं सांगून टाकलं. ह्यांनी दोन्ही गणवेशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दोन देशांनी नाकारलं म्हणजे पुन्हा तुझ्याच पदरात."

मी रडले. तिथेच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून.

ह्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कर्नल पेढे आणि कबूल केलेली टोपी घेऊन घरी आले. मधुमेह्याकडे पेढे! फार वाईट वाटलं म्हणाले, पण काका जागेवरून सरकले नसते तर हे झालं नसतं, जखमी ठरल्या जागीच पडायला हवेत.

"भूकंपात माणूस तुमचे वाटे बघून पडतो का हो?" मी विचारलं.

"काकू, पटतंय. पण नियम तसाच आहे. हद्दीवरच्या जखमींबाबत दोन्ही देशांनी परस्पर विचारविनिमय करावा."

"विचारविनिमय! तोवर माणूस वर जाऊन पोचतो. आधी उचला, मग करा काय तो विनिमय. तेवढं बदला."

"एवढा एक शब्द बदलायचा तर प्रत्येक राजधानीत विचारावं लागतं. आणि हा तुमचा प्रश्न नाही काकू, तुम्ही काळजी करू नका."

हे शेवटचं त्यांनी म्हणायला नको होतं. नवरा माझा, तो पडला दोरीवर, आणि प्रश्न माझा नाही? उद्या खरोखरचा भूकंप होईल, हीच माणसं हाच नियम घेऊन जातील, आणि तिथे आरडाओरडा करायला कुणाची बायको जागी असेलच असं नाही. मी ठरवलं, हा नियम बदलल्याशिवाय गप्प बसायचं नाही. आणि मी ठरवलं की काय होतं ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

रोज सकाळी सराव झाल्यावर तंबूत त्यांची चर्चा व्हायची. मी रोज पोळी-भाजीचा डबा ह्यांच्यासमोर ठेवायची आणि रिक्षा करून मैदानावर जायची. पहिल्या दिवशी बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी चहा देऊन बाहेर बसवलं. मी पिशवीतून विणकाम काढलं आणि कर्नलना म्हटलं, "सावकाश होऊ द्या, मला घाई नाही, स्वेटर मोठ्या मापाचं आहे." शेवटी डोंगरवाल्यांच्या मेजरसाहेबांनीच मला आत बोलावलं. त्या दिवशी सलाम ठोकून निघून गेलेले तेच हे.

आत गेल्यावर काय बोलू ते सुचेना. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, सीमारेषा मी फळ्यावर हजारदा काढल्यात, पण त्या काढणाऱ्यांसमोर कधी उभी राहिले नव्हते. मग मी माझ्या माहेरची गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या हिंदीत. शनिवार पेठेत आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक सामाईक बोळ होता. आम्ही आमच्या बाजूनं अर्धा झाडायचो, ते त्यांच्या बाजूनं अर्धा. भांडण नको म्हणून दोघंही मधल्या रेषेच्या थोडं अलीकडेच थांबायचे. त्यामुळे बोळाच्या मधोमध कचऱ्याची एक लांबलचक पट्टी कायम असायची. उंदीर तिथेच व्हायचे, आणि ते मात्र दोन्ही घरांत जायचे.

कुणीतरी हसलं. बेटवाल्यांचे अधिकारी हसले नाहीत. वयानं मोठे होते. ते शांतपणे म्हणाले, बाई, तुमचा शेजारी तुमच्याएवढाच होता. आमचा देश लहान आहे. मोठ्या शेजाऱ्याचा सैनिक, मदतीला का होईना, न विचारता आमच्या हद्दीत आला, आणि त्याचा फोटो निघाला, तर आमच्याकडे लोक विचारतात की आज जखमी उचलायला आले, उद्या कशाला येतील? म्हणून आम्ही रेषेला जपतो. आणि स्वतः जपतो म्हणून दुसऱ्याचीही ओलांडत नाही.

खोटं कशाला सांगू, घरी येताना रिक्षात मी तेच घोळवत होते. त्यांची भीती काही खोटी नव्हती. मोठ्या घराच्या शेजारी राहणाऱ्याला भिंतीची किंमत जास्त कळते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. तुझी बहीण मदतीला म्हणून आली आणि महिनाभर राहिली."

"पण यायला नको होतं का तिनं? माझा पाय मोडला होता!"

"यावं की. येताना हातात डबा होता तोवर छानच होतं. बॅग आणली तिथे घोळ झाला."

मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. कधी नव्हे ते हा माणूस कामाचं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी तंबूत जाऊन मी तेच सांगितलं. ज्याच्या हातात स्ट्रेचर, त्याला दोरी नाही. स्ट्रेचर घेऊन कुणीही यावं, बंदूक पलीकडे ठेवून यावं, माणूस उचलावा आणि ज्याची जमीन त्याच्या हवाली करून परत जावं. स्ट्रेचर खाली ठेवलं की दोरी पुन्हा आहेच. बेटवाले साहेबांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, करार माझ्या हातात नाही, पण शेवटच्या दिवशी असं करून बघायला माझी हरकत नाही. मेजरसाहेबांनी मान डोलावली. कर्नल म्हणाले, "कागदावर काही येणार नाही काकू, नुसतं करून बघू."

"करूनच बघा. कागद मी नंतर मागेन."

शेवटच्या दिवसाला मोठमोठे पाहुणे येणार होते. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, पाय बाहेर टाकून तर बघा. निघताना ह्यांनी मागून सांगितलं, "सावली बघून पड." मी 'बेशुद्ध' कार्ड मागून घेतलं आणि बाभळीखाली दोरीवरच जाऊन पडले. त्या सैनिकांना कुठला जखमी कुठे आहे हे सांगितलेलं नव्हतं. साहेबांचं ठरलं म्हणून पोरांचे पाय उचलतीलच असं थोडंच आहे? मला तेच बघायचं होतं. म्हणजे बघायचंही नव्हतं. बेशुद्ध माणसानं डोळे मिटायचे असतात.

भोंगा झाला. बुटांचे आवाज आले, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. आणि थांबले. माझ्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती, श्वास ऐकू येत होते, कुणी बोलत नव्हतं. मनात म्हटलं, त्या दिवशी हे थांबलेले बूट ह्यांना ऐकूच आले नसतील. ह्यांना काहीच कळलं नसेल, आणि तेच तर भयंकर होतं. उचला रे बाबांनो, कुणीतरी उचला, असं ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर सगळंच मुसळ केरात.

दोरी माझ्या पोटावरून सर्रकन सरकली. खांद्यांखाली हात आले. पायांखालीही आले. मी उचलली गेले. डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं आणि पंच कुणाला तरी सांगत होता की ह्या बेशुद्ध पेशंट रडतायत, त्याचं काय लिहायचं.

घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते, डोक्यावर ती टोपी. "उचललं?"

"उचललं."

"कुठल्या देशानं?"

"माहीत नाही. मी डोळे उघडलेच नाहीत."